बुलेट ३५० कास्ट आयर्न: पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन – गोव्याच्या हवेत कुठलं घ्यावं, कसं बसवावं

बारदेशी_३५०
गाडी १९८६ ची बुलेट ३५०, कास्ट आयर्न, चार गिअर, गिअर उजवीकडे. वायरिंग ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आधीच झालेलं आहे. बॅटरी बंद गाडीवर १२.६, मध्यम रेसवर १४.१ व्होल्ट. कॉइलच्या प्रायमरीत (आतल्या पहिल्या गुंडाळीत) ३.४ ओहम. गाडी शिवोलीत नदीकाठी उभी असते, म्हणजे बाराही महिने खारी हवा. पावसाळ्यात दर आठवड्याला पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलचा प्रवाह तोडणारे संपर्क) घासावे लागतात, नाहीतर सकाळी किक मारून मारून दम निघतो.

समोर तीन पर्याय आहेत. एक, पॉइंटच्या जागी सेन्सर आणि चुंबकाचा रोटर असलेला किट. दोन, इलेक्ट्राचा (नंतरच्या बुलेट मॉडेलचा) मॅग्नेट-स्टेटर आणि सीडीआय (कपॅसिटर रिकामा करून ठिणगी देणारं इग्निशन). तीन, पॉइंट ठेवून फक्त ट्रान्झिस्टरचा डबा. दूरच्या प्रवासात चोर्ला घाटात गाडी बंद पडली तर रस्त्यावर काय करता येईल, हा माझ्यासाठी मोठा मुद्दा आहे. जाणकारांनी सांगावं.

अंत्रूजकर
किट मागवण्याआधी तीन गोष्टी तपासा. नाहीतर नव्या सामानावर जुनाच रोग येईल.

पहिली, पॉइंटचा रंग. तोंडं निळी-काळी आणि अंधारात पॉइंटवर मोठी ठिणगी दिसत असेल तर दोष कंडेन्सरचा (पॉइंटसोबतच्या कपॅसिटरचा). बाजारात सध्या मिळणारे बरेच कंडेन्सर नवेच खराब असतात. ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन कपॅसिटर कॉइलजवळ बसवला तर इंजिनच्या उष्णतेपासूनही तो लांब राहतो. तोंडांवर पांढरट भुकटी असेल तर ती मिठाची आणि दमटपणाची, तिथे कंडेन्सर बदलून काही होणार नाही.

दुसरी, शाफ्टचा खेळ. पॉइंटचा कॅम बोटांत धरून वर-खाली हलवा. हालचाल जाणवली तर बुश गेलेलं आहे. पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी असतो, त्यात शाफ्टच दशांश मिमी डुलत असेल तर टायमिंग दर फेरीला वेगळं पडतं. सेन्सर हे थोडं सहन करतो, पण खेळ जास्त असला तर रोटर सेन्सरच्या प्लेटला घासतो आणि किट जागीच जातो. बुश आधी, किट नंतर.

तिसरी, त्या शाफ्टमागचं ऑइल सील. पॉइंटच्या डब्यात तेल दिसलं तर तेही आताच बदला.

बारदेशी_३५०
पांढरी भुकटीच आहे. शाफ्टला खेळ नाही, डबा कोरडा.

डिचोली_वायरिंग
मग आता निवडीकडे या. इथे सगळा गोंधळ कॉइलवरून होतो, म्हणून तेवढं आधी नीट समजून घ्या.

पॉइंट आणि ट्रान्झिस्टर इग्निशन एकाच तत्त्वावर चालतात. कॉइलमधून प्रवाह चालू ठेवायचा आणि योग्य क्षणी तोडायचा. तोडण्याचं काम आधी पॉइंट करायचे, आता ट्रान्झिस्टर करतो. त्यामुळे तुमची ३.४ ओहमची कॉइल इथे जशीच्या तशी चालते. १२ भागिले ३.४, म्हणजे साडेतीन अँपिअर. हे कुठलाही बरा किट सोसतो.

सीडीआयचं उलट आहे. त्यात एक कपॅसिटर दोन-चारशे व्होल्टपर्यंत भरतो आणि कॉइलमधून एकदम रिकामा होतो. त्यामुळे सीडीआयच्या कॉइलची प्रायमरी एक ओहमच्याही खाली असते. ही कॉइल चुकून ट्रान्झिस्टर किटला जोडली तर २० अँपिअरच्या पुढे प्रवाह जाऊ पाहतो आणि डबा काही सेकंदांत संपतो. पॉइंटची कॉइल सीडीआयला जोडली तर जळत काही नाही, पण ठिणगी मरतुकडी पडते आणि माणूस कार्ब्युरेटर उघडत बसतो. म्हणून दुकानात ‘इलेक्ट्रॉनिक कॉइल द्या’ असं मागू नका. मीटर घेऊन जा आणि प्रायमरी मोजून घ्या.

बुलेटसारख्या कमी कॉम्प्रेशनच्या, सावकाश चालणाऱ्या लांब स्ट्रोकच्या इंजिनाला ट्रान्झिस्टरची ठिणगी जास्त मानवते, कारण ती जास्त वेळ टिकते. सीडीआयची ठिणगी जोरदार पण क्षणभराची. काळवंडलेला प्लग पेटवण्यात सीडीआय सरस, म्हणून टू-स्ट्रोकला ती शोभते. आयडलवर धक-धक चालणाऱ्या आणि किंचित लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) असलेल्या बुलेटला लांब ठिणगीच बरी.

माझं मत स्पष्ट आहे: पर्याय एक. ट्रान्झिस्टर किट, जुनी कॉइल तशीच, आणि पॉइंटची जुळवलेली प्लेट कंडेन्सरसकट टूलबॉक्समध्ये. डबा गेला तर रस्त्याच्या कडेला जुनी प्लेट बसवून घरी येता येतं.

साष्टी_मोटार
थोडा विरोध नोंदवतो. इलेक्ट्राचा सेट मडगाव-फोंड्यात कुठलाही मेकॅनिक ओळखतो. सुटे भाग मिळतात. बाहेरच्या किटचा डबा गेला तर पार्सलची वाट पाहावी लागते. शिवाय इलेक्ट्राचा पिकअप (सेन्सर) क्रँकवर असतो, त्यामुळे टायमिंग गिअरमधली झीज, कॅम शाफ्टचा खेळ, हे सगळं बाजूला पडतं. टायमिंग जास्त स्थिर राहतं.

डिचोली_वायरिंग
सुट्या भागांचा मुद्दा पूर्ण मान्य. टायमिंगचाही मान्य. पण तीन गोष्टी लक्षात घ्या.

क्रँकवरचा पिकअप दर फेरीला ठिणगी देतो, म्हणजे एक्झॉस्टच्या शेवटीही एक फुकट ठिणगी पडते. एरवी त्याने बिघडत नाही, पण व्हॉल्व्ह टायमिंग किंवा टॅपेट चुकलेले असतील तर कार्ब्युरेटरमधून फटका बसतो. वायरवर अडकवायचा आरपीएम मीटरही अशा वेळी दुप्पट आकडा दाखवतो, तो पाहून आयडल उतरवू नका.

दुसरं, मॅग्नेट आणि स्टेटर बदलला की चार्जिंगही बदललं. रेग्युलेटर त्या स्टेटरला जुळणाराच हवा. सीडीआय डबे दोन जातींचे असतात: काही स्टेटरच्या वेगळ्या कॉइलवर चालतात, काही बॅटरीच्या १२ व्होल्टवर. प्लग सारखा बसला म्हणून एकाच्या जागी दुसरा लावायचा नाही.

तिसरं, हा बदल परत फिरवायला प्रायमरी केस (डावीकडचं चेनचं झाकण) पुन्हा उघडावी लागते. चोर्ल्यात ते होणार नाही. धागाकर्त्याचा प्रश्नच तो आहे.

वाळपई_घाटवाट
तिसऱ्या पर्यायाबद्दल कोणी बोललं नाही. ट्रान्झिस्टर असिस्टमध्ये पॉइंट फक्त इशारा देतात, कॉइलचा प्रवाह डब्यातून जातो. पॉइंट जळत नाहीत, कंडेन्सर काढूनच टाकायचा. डबा मेला तर कंडेन्सर परत जोडून दोन वायरी बदलल्या की जुनं इग्निशन परत. स्वस्तही पडतं.

अंत्रूजकर
कोरड्या हवेत ही उत्तम सोय आहे. किनाऱ्यावर तिचीच अडचण होते. पॉइंटमधून पूर्ण प्रवाह जातो तेव्हा ठिणगीने तोंडं स्वतःच साफ होत राहतात. प्रवाह अगदी कमी झाला की खाऱ्या हवेचा पातळ थर तसाच साचतो आणि एक दिवस संपर्कच होत नाही. गाडी पंधरा दिवस उभी राहिली की हे हमखास दिसतं. डबा पॉइंटमधून निदान पाव अँपिअर खेचणारा असेल तरच शिवोलीसारख्या ठिकाणी त्याचा विचार करावा. आणि कॅमवर घासून पॉइंटची टाच झिजतेच, गॅप कमी होऊन टायमिंग मागे सरकतं, ते काम काही सुटत नाही.

बारदेशी_३५०
पर्याय एक ठरला. किट आला आहे: सेन्सरची प्लेट, चुंबकाचा रोटर, डबा. अ‍ॅडव्हान्स (वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पाडणं) डब्यातूनच होतो, म्हणजे जुनं वजनांचं ऑटो-अ‍ॅडव्हान्स काढायचं आहे. बसवण्याची पद्धत कोणी क्रमाने सांगेल का? डिग्री डिस्क (अंशांची चकती) आणि स्ट्रोब (टायमिंग दाखवणारा चमकता दिवा) मिळतील.

अंत्रूजकर
सांगतो. सावकाश करा, अर्धा दिवस हाताशी ठेवा.

जुनं काही काढण्याआधी नोंदी घ्या. पॉइंटवर गाडी चालू असताना स्ट्रोबने आयडलला किती आणि पूर्ण रेसवर किती अंश दिसतात ते लिहून ठेवा. नव्या किटवर गाडी वेगळी वागली तर तुलनेला हे आकडेच कामाला येतील. जुन्या प्लेटवर आणि घरावर पातळ टोकाने एक समान रेघ मारून ठेवा. प्लेट रस्त्यावर परत बसवायची वेळ आली तर ती रेघच टायमिंग.

डिस्क क्रँकवर लागते, म्हणून प्रायमरी केस उघडायची. डावा फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल आधी, मग मधला एकच मोठा नट. खाली ट्रे ठेवा, तेल येणारच. डिस्क रोटरच्या नटवर, तारेचा काटा केसच्या एका स्क्रूखाली.

टॉप (पिस्टनची सर्वात वरची जागा) शोधायला प्लगच्या भोकात नुसती काडी घालू नका. या हेडमध्ये प्लग तिरपा आहे, काडी पिस्टनची सरळ चाल दाखवत नाही, आणि टॉपजवळ तर पिस्टन कित्येक अंश जागचा हलत नाही. स्टॉपर करा: जुन्या प्लगमधला चिनीमातीचा भाग काढून त्यात बोल्ट. आधी कुठला स्ट्रोक ते पाहा. टॅपेटचं झाकण उघडून दोन्ही पुशरॉड बोटांनी मोकळे फिरत असतील तर कॉम्प्रेशन. चौथा गिअर टाकून मागचं चाक हाताने हळू फिरवा, किक अजिबात नको, नाहीतर पिस्टनला भोक पडेल. स्टॉपरला पिस्टन टेकला की आकडा लिहा. मग स्टॉपर काढा, टॉप ओलांडून पुढे जा, स्टॉपर पुन्हा तेवढाच पूर्ण बसवा, चाक उलटं फिरवून टेकवा, दुसरा आकडा लिहा. समजा ४० आणि ४६ आले, तर काटा ३ अंश सरकवा म्हणजे दोन्हीकडे ४३ येतील. शून्य म्हणजे खरा टॉप. आता स्टॉपर काढून ठेवा.

ऑटो-अ‍ॅडव्हान्स: मधला बोल्ट काढला तरी युनिट टेपरवर चिकटून बसतं. पाना घालून उचकायचं नाही, शाफ्ट वाकतो. लाकडी हातोडीने बाजूने टिचक्या मारत थोडं फिरवत राहा, सुटतं. टेपर रॉकेलने पुसून कोरडा करा, तेलाचा थर राहिला तर नवा रोटर पुढे सरकेल.

शाफ्ट कुठल्या दिशेने फिरतो ते किक हळू दाबून पाहून घ्या. बऱ्याच किटमध्ये दोन्ही दिशांसाठी वेगळी खूण असते. चुकीची खूण धरली तर गाडी चालूच होत नाही किंवा उलटी किक मारते.

मग चाक मागे फिरवून, आणि शेवटची हालचाल पुढच्या दिशेनेच ठेवून, म्हणजे गिअरमधला ढिलेपणा निघून जाईल, किटच्या कागदावर दिलेल्या पूर्ण अ‍ॅडव्हान्सच्या अंशावर क्रँक थांबवा. सेन्सरची प्लेट खाचांच्या बरोबर मध्यावर ठेवा, रोटरची खूण सेन्सरसमोर आणा, बोल्ट आवळा. आवळल्यावर खूण पुन्हा पाहा, बोल्ट फिरताना रोटर सोबत फिरतो. बोल्ट जुनाच वापरला तर लांबी मोजून घ्या: तळाला टेकला तर घट्ट वाटतो, पण रोटर मोकळाच राहतो.

शेवटी स्ट्रोब. प्रायमरी उघडी ठेवून गाडी एक मिनिटाच्या वर चालवायची नाही, चेनला आधी हाताने तेल द्या, बाह्या आणि पँटचे पाय चेनपासून लांब. पूर्ण रेसवर किटचा आकडा आला पाहिजे. फरक असेल तर प्लेट फिरवा. हा शाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून प्लेटचा १ अंश म्हणजे क्रँकचे २. आयडलचा आकडा कागदापेक्षा थोडा इकडेतिकडे असला तरी चालेल, पूर्ण अ‍ॅडव्हान्स मात्र तंतोतंत. तो जास्त झाला तर चढावर ठणठण आवाज येतो, आणि तसंच दामटलं तर पिस्टन जातो.

साष्टी_मोटार
यात एक भर. जुन्या पुस्तकांत या इंजिनाचं टायमिंग टॉपच्या ०.८ मिमी आधी असं दिलेलं असतं. ते पॉइंटवर, वजनं पूर्ण मिटलेली असतानाचं आहे, म्हणजे क्रँकचे साधारण ९-१० अंश. काही मिस्त्री सेन्सर किटही त्याच ०.८ वर लावतात. डब्याला ती जागा पूर्ण अ‍ॅडव्हान्सची वाटते, म्हणून टायमिंग भयंकर मागे पडतं, बेंडपाइप (इंजिनातून निघणारा एक्झॉस्टचा पाइप) लाल होतो आणि दोष किटला दिला जातो.

पेडणे_किनारा
वायरिंगबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे डबा क्वचितच मरतो, त्याच्या वायरी मरतात.

साधी तांब्याची वायर किनाऱ्यावर इन्सुलेशनच्या आत हिरवी-काळी होत जाते. टोक सोलून पाहा: तार काळी दिसली तर चकचकीत भाग लागेपर्यंत मागे कापत जा, काळ्या तारेवर सोल्डरचा डाग बसत नाही. नवी वायर कथिल चढवलेली घ्या, ट्रॉलर आणि होड्यांचं वायरिंग करणाऱ्यांकडे ती मिळते. इग्निशनला १ चौरस मिमी, अर्थला १.५.

अर्थ चेसिसच्या भरवशावर सोडू नका. पावडर कोटिंग केलेल्या फ्रेमवर तर अजिबात नको. इंजिनच्या एका स्टडपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी वायर, आणि डब्याचा अर्थही तिथेच. जुन्या गाड्यांत कधी बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चेसिसला जोडलेलं सापडतं. किट जोडण्याआधी ते डोळ्यांनी पाहा, उलट जोडणीला डबा एकदाही माफ करत नाही.

डबा टाकीखाली हेडजवळ नको. टूलबॉक्समध्ये किंवा बॅटरीच्या मागे, वायरी खालच्या बाजूने बाहेर पडतील असा, आणि वायरीला एक झोल ठेवा म्हणजे पाणी झोलावरून ठिबकेल, डब्यात शिरणार नाही. जोडांवर गोंदवाली हीट-श्रिंक, कनेक्टरमध्ये सिलिकॉन ग्रीस. फेरीबोटीतून रोज ये-जा असेल तर पावसाळ्याआधी एकदा सगळे कनेक्टर उघडून बघावेत.

पॉइंटच्या झाकणाला गॅस्केट नवं घाला, पण खालचं छोटं छिद्र सिलिकॉनने बुजवू नका. गरम इंजिनावर जूनचा पाऊस पडला की आत वाफ धरते, ती तिथूनच बाहेर जाते.

डिचोली_वायरिंग
आणखी दोन. प्लग कॅप ५ किलो-ओहम रेझिस्टरवाली लावा, नाहीतर प्लगच्या वायरीतला गोंगाट डब्याच्या मेंदूत शिरतो आणि गाडी मधेच झटके देते. कॅप रेझिस्टरची असेल तर प्लग साधा, दोन्ही रेझिस्टरचे नकोत. दुसरं, प्लग बाहेर काढून ठिणगी पाहताना तो सिलिंडरच्या धातूला टेकवलाच पाहिजे. कॅप हवेत लोंबकळत ठेवून किक मारली तर त्या व्होल्टेजला जायला वाट मिळत नाही, मग ते कॉइल फोडतं किंवा ट्रान्झिस्टर.

वाळपई_घाटवाट
एक प्रश्न. आम्ही किक मारताना अँमीटर पाहतो. डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून किक हळू ढकलायची, सुई मायनसकडून मध्यावर आली की पॉइंट उघडले, पिस्टन टॉपजवळ आला, तिथून पूर्ण किक. किट लावल्यावर ही खूण राहते का?

अंत्रूजकर
राहत नाही. पॉइंट बंद असताना कॉइल प्रवाह खेचते म्हणून सुई मायनसला जाते. किटमध्ये इंजिन थांबलेलं असताना प्रवाह तोडायचा की चालू ठेवायचा ते डबा ठरवतो, त्यामुळे सुई एका जागी राहते आणि पिस्टनचं काही सांगत नाही. आता पायाला कॉम्प्रेशन जाणवेपर्यंत किक दाबा, डिकॉम्प्रेसर ओढून अगदी थोडं पुढे न्या, किक वर येऊ द्या, मग पूर्ण लांब ढकला. अर्धवट किक मारू नका. पॉइंटच्या गाडीत ती चालून जायची, इथे डब्याला ठरावीक वेग लागतो.

पेडणे_किनारा
गाडी १९८६ ची आहे म्हणून आजचा प्रश्न नाही, पण ५० वर्षांच्या पुढच्या गाडीवाल्यांसाठी: २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणीला गाडी मूळ रूपात लागते, इंजिन-चेसिसमध्ये मोठा फेरफार चालत नाही, आणि त्या नोंदणीवर रोजचा किंवा धंद्याचा वापर करता येत नाही. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ येतं. तिथे झाकणाखाली मावणारा आणि परत काढता येणारा किटच शहाणपणाचा. जुनं ऑटो-अ‍ॅडव्हान्स, प्लेट, कंडेन्सर तेल लावून पिशवीत बांधून ठेवा. भंगारात देऊ नका, मूळ भाग आता चांगल्या प्रतीचे मिळत नाहीत.

बारदेशी_३५०
बसवलं. स्ट्रोबवर पूर्ण अ‍ॅडव्हान्स कागदाप्रमाणे बरोबर आला. थंड गाडी दुसऱ्या किकला चालू होते, आयडल एकसारखा आहे. एकच तक्रार: रात्री हेडलाइट आणि ब्रेक दोन्ही पेटले की आयडलवर मिसिंग मारते, कधी बंदच पडते. दिवसा काही नाही. डबा खराब आला असेल का?

डिचोली_वायरिंग
डबा नाही. मीटरचं लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळं टोक डब्याच्या पॉझिटिव्ह वायरला लावा, इग्निशन चालू, हेडलाइट चालू, ब्रेक दाबलेला. अर्ध्या व्होल्टच्या वर काही दिसलं तर तेवढं मधेच हरवतंय. मग तसंच अर्थच्या बाजूने मोजा.

बारदेशी_३५०
पॉझिटिव्हच्या बाजूने १.३ व्होल्ट. अर्थला ०.१.

डिचोली_वायरिंग
मग हेडलाइटवरच्या इग्निशन स्विचचे जुने संपर्क. आयडलला चार्जिंग तसंही कमी, त्यात दिव्यांचा भार, त्यात हे १.३ गेले की डब्याला दहाच्या आसपास उरतात आणि तो अडखळतो. पॉइंटना हे इतकं जाणवत नव्हतं, ठिणगी फक्त अशक्त व्हायची.

स्विच उघडून साफ करण्यापेक्षा एक साधा चार पायांचा १२ व्होल्टचा रिले लावा. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून ७.५ अँपिअरचा फ्यूज, तिथून ३० नंबरच्या पायाला. ८७ वरून डबा आणि कॉइलची पॉझिटिव्ह. डब्याला इग्निशनची जी जुनी वायर जात होती ती आता ८६ ला, आणि ८५ अर्थला. किल स्विच असेल तर तो ८६ च्या वायरीत येऊ द्या. रिले पाय खाली करून टांगा म्हणजे त्यात पाणी साचणार नाही. मग तीच मोजणी पुन्हा करा, ०.२ च्या आत यायला हवं.

बारदेशी_३५०
०.१५ आलं. हेडलाइट, ब्रेक, हॉर्न एकदम दाबूनही आयडल हलत नाही. देव बरें करूं.

साष्टी_मोटार
बरं झालं. पाचशे किलोमीटरनंतर रोटरचा मधला बोल्ट आणि प्लेटचे दोन स्क्रू एकदा तपासा, नवा टेपर पहिल्या गरम-थंडीत थोडा बसतो. आणि टूलबॉक्समधल्या जुन्या प्लेटच्या पॉइंटच्या तोंडांमध्ये कोरड्या कागदाची पट्टी ठेवून ती झिप पिशवीत बंद करा, नाहीतर गरज पडेल तेव्हा तिच्यावरही तीच पांढरी भुकटी असेल.